साळवेमामांचं नाक

सर्दी झाली की लोकांचं डोकं जड होतं, अंग मोडून येतं. मला लाज वाटते. गेल्या आठवड्यात नाक चोंदलं, आवाज बसला, आणि ऑफिसात कुणीतरी सहज म्हणालं, "मॅडम, सर्दी झाली वाटतं." बास, एवढ्यानं माझा अख्खा दिवस गेला. ज्या गोष्टीची ही लाज, तिला तीन वर्षं होत आली. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आता लिहूनच टाकते. ज्या माणसाबद्दल लिहायचं तो सांगण्यासारखा आहे, आणि मी जे केलं ते लपवण्यासारखं. दोन्ही एकाच गोष्टीत आहेत, त्याला इलाज नाही.

गौतम साळवे. कारखान्यात सगळे त्यांना साळवेमामा म्हणत. करमाडच्या पुढं त्यांचं गाव, तिथं दोन एकर मका-कपाशी, आणि नोकरी आमच्याकडं, जालना रोडवरच्या काचेच्या कारखान्यात. आम्ही औषधाच्या शिश्या बनवतो. काच वितळवायची भट्टी आमच्याकडं रात्रंदिवस, बारा महिने पेटलेली असते. तिला सुट्टी नाही, दिवाळी नाही. एकदा विझली तर आतली काच थिजून बसते आणि भट्टीच फोडावी लागते.

एवढ्या मोठ्या आगीत एक भानगड होते. हवेत नायट्रोजन असतो, प्राणवायू असतो, एरवी दोघं शेजारीशेजारी गुमान राहतात. पण भट्टीच्या उष्णतेत ते एकमेकांना चिकटतात आणि विषारी वायू तयार होतो. चिमणीतून पिवळट-तपकिरी झाक दिसते ती त्याची. छातीला वाईट, पिकालाही वाईट. त्यावर उपाय असा की धूर चिमणीत जायच्या आधी त्याच्यात युरियाचं पाणी फवारायचं. उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो, पुढं जाळीजाळीच्या विटा बसवलेल्या असतात, त्यांच्यातून जाताना अमोनिया त्या विषारी वायूला धरतो आणि दोघांचं मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. मी हे कॉलेजात चार वर्षं शिकले. साळवेमामा एका वाक्यात सांगायचे, "हवेचं हवेला परत, पाण्याचं पाण्याला."

युरियाचं हे पाणी कालवायची आणि फवारायची जी खोली, ती साळवेमामांची. अकरा वर्षं ते तिथं होते, तेही ठेकेदाराच्या हजेरीवर. मी पर्यावरण विभागाची इंजिनिअर म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, अत्तर-सेंट लावता का?"

मला रागच आला. म्हटलं, "मी काय लावते याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"लावा की. आपल्या खोलीत येताना फकस्त लावू नका. माझ्या नाकाचा घोटाळा व्हतो."

तर हे नाक. सकाळी सातला मामा यायचे, "जय भीम" घालायचे, समोर वॉचमन असो नाहीतर मोठे साहेब, आणि डबा ठेवून थेट चिमणीच्या पायथ्याशी जायचे. डोळे मिटून तीनदा वास घ्यायचे. मग वर बघायचे. "वास आला म्हंजे युरिया जास्त झाला, रंग दिसला म्हंजे कमी पडला. वासबी नाय अन् रंगबी नाय, म्हंजे बरोब्बर." मग खोलीत जाऊन पंपाची चावी केसभर फिरवायचे. त्या नाकासाठी त्यांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही, तपकीर ओढली नाही. मुलीच्या लग्नात मी गेले होते, बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली, तर वराकडचे एक पाहुणे अत्तराची कुपी घेऊन सगळ्यांच्या मनगटाला बोट लावत फिरत होते. मामांनी दोन्ही हात खिशात घातले ते काही केल्या काढले नाहीत. व्याही रुसले. मामी कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "पाहा मॅडम, पोरीच्या लग्नात हे माणूस कंपनीचं नाक सांभाळू राहिलं!"

धुराला ताव किती हवा हे ते भाकरीवर शिकवायचे. "तवा गार तर भाकर कच्ची. तसा युरिया कच्चा राहतो, मग वास सुटतो. तवा लई तापला तर भाकर करपती. तसा युरिया करपला की जे घालवाया निघालो तेच वाढतं." शास्त्र हेच आहे. पुस्तकात त्याला आलेख काढलेला असतो.

एकदा पुण्याहून ऑडिटचे लोक आले होते. धुरातला अमोनिया मोजायचं यंत्र पडद्यावर शून्य दाखवत होतं, सगळे खूश. मामा दाराशी उभे होते. म्हणाले, "मीटर झोपलंय साहेब." ऑडिटवाला हसला. मामा म्हणाले, "हसा. पण माझ्या नाकाला वास येऊ राहिला. एकतर मीटर खरं नाय, नायतर मी." उघडून पाहिलं तर सेन्सर मेलेला. त्या अहवालात 'सतर्क अधिकारी' म्हणून माझं नाव आलं. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. साळवेमामांचं नाव सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी सांगितलं नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी मला गूळ-शेंगदाणे आणून दिले, "तुमचं नाव झालं म्हणून."

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगते. पुढं त्यांच्याशिवाय गोष्ट कळायची नाही.

एक म्हणजे शिश्या. कारखान्यात वाकड्यातिकड्या निघालेल्या शिश्या फेकून देतात. मामा त्यातल्या चार उचलून आणायचे. प्रत्येक खेपेला युरियाचं पाणी कालवलं की पांढऱ्या सुती फडक्यातून गाळायचे, त्यातलं थोडं एका शिशीत भरायचे, बूच लावून चिकटपट्टीवर तारीख आणि 'गौ. सा.' लिहायचे आणि खिडकीत ओळीनं ठेवायचे. दुपारी उन्हात ती सगळी ओळ चमकायची. मी एकदा विचारलं, "हे कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"कुणी नाय. पण उद्या कुणी म्हणलं गौतमनं पाणी खराब कालवलं, तर माझ्यापाशी काय हाय? तोंड हाय. गरिबाच्या तोंडाला कोण इचारतं? शिशीला इचारतेत."

दुसरी सवय सहीची. पगाराच्या चिठ्ठीपासून गेटपासपर्यंत कोणताही कागद मामा पूर्ण वाचायचे, ओठ हलवत, बोट ठेवत. मागं रांग खोळंबायची, पोरं ओरडायची, "मामा, उरका!" हे ढिम्म. वाचून झालं की सावकाश पूर्ण नाव लिहायचे, गौतम किसन साळवे, वर रेघ. म्हणायचे, "वाचल्याबिगर सही करायची नाय हे बापानं शिकवलं. बापाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच शिकवलं." बाप अंगठेबहाद्दर. कुणीतरी कुठल्यातरी कागदावर अंगठा घेतला आणि जमिनीचा एक तुकडा गेला होता. तेव्हापासून त्यांच्या घरात सही म्हणजे सही. खताच्या दुकानावर मात्र मामांचा लई राग. युरियाचं पोतं घ्यायचं तर हल्ली मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. "म्या म्हणलं, सही करतो की! तर तो म्हणतो, मामा, मशीनला सही समजत नाय. आता बोला. एवढं शिकलो अन् खतापायी परत आंगठा." हे सांगून स्वतःच खो खो हसायचे.

आता माझ्यावर येते.

त्या वर्षी पावसाळ्यात आमचा युरिया संपत आला. कारखान्यासाठी वेगळा, शुद्ध युरिया लागतो, तो पुरवणारा चुकला. मोठ्या साहेबांनी कुठूनतरी दुसरा व्यापारी शोधला. एका सकाळी ट्रक आला. साधी पांढरी पोती, कसला छाप नाही. मामांनी एक पोतं सोडलं, मूठभर दाणे हातात घेतले, नाकाशी नेले आणि थांबले. परत वास घेतला. मग माझ्याकडं हात पुढं केला.

"मॅडम, हे खत हाय. शेतातलं."

मी वास घेतला. कडुलिंब. हलका, कडवट, पण सरळ कडुलिंबच. मी खुलताबादकडची शेतकऱ्याची पोरगी, माझ्या अप्पांच्या कपड्यांना तो वास असायचा. शेतीच्या युरियाला कडुलिंबाचं तेल लावलेलं असतं, आणि ते लावायचं एक कारण हेच की सवलतीचं खत चोरून कारखान्यात जाऊ नये. इथं पोती बदलली होती. वास काही बदलता आला नव्हता.

"बरोबर आहे मामा," मी म्हणाले.

"तेलकट हाय. फवाऱ्याची भोकं चोंदतील, विटांवर थर बसल. अन् दुसरं म्हंजे..." ते जरा थांबले. "करमाडला चार दिस झाले, लोकं पोत्यासाठी उभी हायेत. मका गुडघ्याला आला. अन् आपण हे धुरात फवारायचं?"

मी तशीच मोठ्या साहेबांकडं गेले. म्हणजे गेले हे खरं, त्याचं श्रेय मी घेते, पण पुढचं ऐका. ते म्हणाले, "भट्टी बंद करता येते का? नाही ना? फवारणी बंद केली तर वर कळवावं लागेल. कळवता का? तुमच्या बढतीची फाईल माझ्या टेबलावर आहे, मॅडम. माल उतरवून घ्या." मी परत आले आणि पावतीवर सही केली. 'माल तपासून घेतला, योग्य आहे.' वाचून सही केली. मामा बघत होते. मग पोती आत घ्यायला लागले.

त्याच संध्याकाळी अप्पांचा फोन. "पोरी, इकडं युरिया मिळंना गं. तुझ्या वळखीचं कुणी हाय का दुकानात?" मी म्हणाले, "बघते अप्पा." माझ्यापासून शंभर पावलांवर गोदामात पोत्यांची थप्पी होती. आई शप्पथ सांगते, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं, हेही सांगायला हवं. माणूस निर्लज्ज होतो तो असा, एकेका जेवणानं.

मामा म्हणाले होते तसंच झालं. फवारे चोंदू लागले. मामा रोज सुई घेऊन भोकं मोकळी करत बसायचे, फडकं दोनदा धुवायचे. खिडकीतल्या नव्या शिश्यांमध्ये वर तेलाची पातळ कड दिसायची. दीड महिन्यात जाळीच्या विटा निकामी झाल्या आणि चिमणीवर पिवळी झाक आली, इतकी की रस्त्यावरून दिसावी. मुख्यालयातून चौकशीला लोक येणार असा निरोप आला.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "ऑपरेटरनं पाणी नीट गाळलं नाही, असं आहे हे. एक जबाब घ्या त्याचा. आणि ती खिडकीतली शिश्यांची जत्रा आवरा, कारखाना आहे का दवाखाना!"

मी म्हणू शकले असते, नाही. माझ्याकडं डिग्री होती, दुसरीकडं नोकरी मिळाली असती. नवऱ्याचा पगार होता. माझ्या पोटावर काही पाय येत नव्हता. येत होता तो फक्त बढतीवर. मी गुळमुळीत हो म्हणाले.

दुपारी मामा जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले. एकेक शिशी उघडली आणि मोरीत ओतली. तारखा, 'गौ. सा.', 'गौ. सा.', 'गौ. सा.'. हातांना कडुलिंबाचा वास लागला, साबणानं तीनदा धुतले तरी जाईना. मामा डबा घेऊन परत आले, दारात थबकले, रिकाम्या खिडकीकडं पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ऊन लई येऊ राहिलं आत."

मी कागद पुढं केला. मीच टाईप केला होता. 'द्रावण योग्य रीतीने न गाळल्यामुळे झालेल्या नुकसानीस मी जबाबदार आहे.' मामांनी चष्मा लावला. बोट ठेवत, ओठ हलवत वाचलं. शेवटपर्यंत गेले, परत वर आले, परत वाचलं.

"हे तुमी लिवलं, मॅडम?"

"हो."

"मनानं?"

मी पेन त्यांच्यापुढं सरकवलं. मामा म्हणाले, "बरं. एक करा." खुंटीवरून त्यांनी गाळायचं फडकं काढलं. ते धुवून टाकायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पिवळसर, तेलकट, ओलं. त्यांनी ते घडी करून माझ्यासमोर धरलं. "वास घ्या. अन् सांगा की कडुलिंब नाय. तुमी मला सांगा फकस्त. तुमचं नाक माझ्यापेक्षा शिकलेलं हाय, मी मानतो. तुमी म्हणलं नाय, तर माझं नाक चुकलं अन् मी सही करतो."

फडकं माझ्या नाकापासून वीतभर लांब होतं. वास घ्यायची गरजच नव्हती, खोली भरून राहिली होती त्यानं. 'आहे' म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. 'नाही' म्हणायचा धीर झाला नाही. मग मी जे केलं ते 'नाही' म्हणण्यापेक्षाही हलकट होतं. मी नाक ओढलं आणि म्हणाले, "मामा, मला वास येत नाहीये. सर्दी झालीय."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. आपल्या घरातल्या माणसाला भर रस्त्यात पडलेलं बघावं, तसे ते अवघडले. मला झाकावं की उचलावं, असं त्यांना झालं असावं. मग त्यांनी फडकं परत खुंटीला लावलं, कागद ओढला आणि सही केली. गौतम किसन साळवे. वर रेघ.

"तुमी नाय म्हणला नाहीत," ते म्हणाले, "पण तुमाला लई त्रास व्हऊ राहिला. म्हणून."

पुढच्या एक तारखेपासून त्यांचा गेटपास बंद झाला. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही. सायकलच्या हँडलला डबा लावून ते गेले. मला दोन महिन्यांनी बढती मिळाली. नवीन विटा आल्या, शुद्ध युरिया आला, दुसरं चांगलं मीटर आलं. सकाळी सातला चिमणीखाली आता कुणी उभं राहत नाही.

मध्ये कितीदा वाटलं, त्यांच्या गावी जावं, पाय धरावेत. दोनदा करमाडपर्यंत गेलेही. चहा पिऊन परत आले. जाऊन सांगायचं काय? त्यांना न कळलेलं असं माझ्यापाशी काय होतं?

मागच्या पावसाळ्यात जालन्याला जात होते. करमाडच्या नाक्यावर गाडी अडकली, समोर ट्रॅक्टर आडवा. उजव्या हाताला खताचं दुकान, बाहेर मोठी रांग. रांगेत साळवेमामा. अंगानं जरा उतरलेले, पण सदरा पांढराशुभ्र, खिशाला पेन. मी काच वर घ्यायला गेले, खरंच गेले, हात बटणावर होता. तेवढ्यात त्यांनी पाहिलं. मागच्या माणसाला जागा सांभाळायला सांगितली आणि चालत गाडीपाशी आले.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम, मामा." दोन वर्षं घोकलेलं सोडून मी भलतंच विचारलं. "कसे आहात? मामी कशा आहेत?"

"समदी मजेत. पोरीला पोरगी झाली." मग जरासे वाकून, अगदी काळजीनं त्यांनी विचारलं, "सर्दी गेली का?"

टोमणा असता तर मी झेलला असता. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं, आणि मला ते कळत होतं. 'सर्दी नव्हतीच मामा' एवढे तीन शब्द. मागून हॉर्न वाजत होते.

"गेली," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. "नाक जपा. लई उपेगी चीज हाय."

दुकानातून कुणी हाक मारली, "साळवे! गौतम साळवे!" ते लगबगीनं गेले. दुकानदारानं मशीन पुढं केलं. मामांनी खिशातल्या पेनाला हात लावला, बहुतेक सवयीनं, मग तो काढून घेतला आणि अंगठा ठेवला. पोतं खांद्यावर घेऊन ते रस्ता ओलांडायला माझ्या गाडीच्या पुढूनच गेले. काच उघडी होती. कडुलिंबाचा वास आत आला. मला चांगला येत होता.